कोकणची गाडी टेबलावर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रेल्वेची मॉडेलं आणि रेल्वेचा प्रवास या जोडछंदावर आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक प्रश्न किनाऱ्यावरच्या गावांतून आले आहेत. परदेशी पुस्तकांतले सल्ले आपल्या हवेत आणि आपल्या लांबलचक डब्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे त्यांतून पुन्हा दिसलं. म्हणून उत्तरांत शक्य तिथे मापं आणि कारणं दिली आहेत.

प्रश्न (कुडाळ) : घरात आठ बाय चारचा एक प्लाय आहे. त्यावर एचओ मापाचा गोल रूळ टाकून लाल एलएचबी (नव्या पद्धतीच्या लांब) डब्यांची गाडी चालवायची आहे. सेटसोबत आलेल्या वळणावर डबे रुळावरून उतरतात. इंजिन एकटं असलं की नीट धावतं. दोष डब्यांत आहे का?

डबे बहुधा ठीक असतील. वळण त्यांच्या लांबीच्या मानाने फार आखूड आहे. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. खऱ्या एलएचबी डब्याची चौकट २३,५४० मिमी लांब असते, म्हणजे मॉडेलमध्ये २७० मिमी. सेटमधल्या वळणाची त्रिज्या साधारण ४५० मिमीच्या आसपास असते. लांब डबा भरवशाने वळायचा तर त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान अडीचपट हवी, म्हणजे ६७५ मिमी. तिप्पट, म्हणजे ८१० मिमी मिळाली तर गाडी मागे ढकलतानाही त्रास होत नाही.

आता प्लाय मोजा. रुंदी १२२० मिमी. दोन्ही कडांना ५० मिमी सोडले की जास्तीत जास्त त्रिज्या ५६० मिमी उरते. या वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला साडेसहा मिमी सरकतो आणि टोकं बाहेरच्या बाजूला जवळपास दहा मिमी जातात. कपलिंग डब्याच्या चौकटीला पक्कं असेल तर दोन डब्यांची टोकं एकमेकांना आडवी ओढतात आणि हलका डबा आधी उतरतो. कपलिंग बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या वळत्या चौकटीवर, बसवलं तर गाडी ओढताना वळते, पण मागे ढकलली की बोगी तिरकी होऊन पुन्हा उतरते. त्यामुळे हा उपाय अर्धाच आहे.

आमचं स्पष्ट मत : गोल सोडून द्या. तोच प्लाय लांबीच्या दिशेने कापून सोळा इंच रुंदीच्या तीन पट्ट्या करा. दीड पट्टी जोडली की बारा फूट बाय सोळा इंचाची फळी होते आणि ती भिंतीलगत सहज मावते. तिच्यावर एकेरी मार्गावरचं क्रॉसिंगचं स्थानक बसतं, आणि कोकण रेल्वेची खरी ओळख तीच आहे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. दक्षिणेकडे बहुतांश मार्ग अजून एकेरी आहे. एक गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या जोडरुळावर, थांबते, समोरून दुसरी निघून जाते, मग सिग्नल मिळतो. टेबलावर हा खेळ गोल गोल फिरणाऱ्या गाडीपेक्षा किती तरी जास्त वेळ गुंतवून ठेवतो.

हिशेब असा करा. डब्लूएपी-७ इंजिन २०,५६२ मिमी, म्हणजे २३६ मिमी. एलएचबी डबा कपलिंगसकट २४ मीटर, म्हणजे २७६ मिमी. पाच डबे आणि इंजिन मिळून १ मीटर ६२ सेंमी. लूपमध्ये मोकळी लांबी १.८० मीटर ठेवा. दोन्ही टोकांना पेको कंपनीचा मध्यम सांधा (एका रुळातून दुसरा फुटतो तो तुकडा) घेतलात तर त्याची लांबी २१९ मिमी आणि त्रिज्या ९१४ मिमी असते, त्यामुळे लांब डबे त्यावरून सुखाने जातात. हे सांधे एकमेकांना जोडले की दोन रुळांच्या मध्यांमधलं अंतर ५१ मिमी येतं. आपल्याकडे नव्या कामात ते ५.३० मीटर धरतात, म्हणजे एचओत ६१ मिमी. ही दहा मिमीची तूट भरायला सांध्यानंतर सुमारे ४९ मिमी सरळ रूळ घाला. फरक लहान वाटेल, पण लूपमध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की लगेच डोळ्यांत भरतो.

फळीच्या दोन्ही टोकांना गाडी काढायला १.७० मीटरची सुटी पट्टी ठेवा. तिच्यावर रूळ, दोन्ही बाजूंना काठ, आणि जोडायला पितळी कडी-कोयंडा. गाडी पट्टीवर आली की पट्टी उचलून फिरवायची आणि परत जोडायची. उरलेल्या प्लायमध्ये या पट्ट्या निघतात.

प्रश्न (चिपळूण) : मॉडेलसाठी कोणतं स्थानक निवडावं? आणि तिथे जाऊन मोजमापं कशी घ्यायची?

रत्नागिरी, मडगावसारखी मोठी स्थानकं टाळा. एक फलाट किंवा दोन, एक लूप, कौलारू किंवा उतरत्या छपराची इमारत, मागे डोंगर, एवढं असलेलं कोणतंही स्थानक चालेल. उक्षीकडे आधी पाहा असं आम्ही सुचवू. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. एचओत तो पंच्याहत्तर मीटर होईल, म्हणून मॉडेलमध्ये फक्त त्याचं तोंड करायचं. ते तोंडच फळीचं टोक आणि पलीकडची सुटी पट्टी झाकतं. स्थानक हुबेहूब करण्याचा हट्ट नसेल तर सावर्डा, आरवली रोड, विलवडे, झाराप अशा दोन-तीन स्थानकांतले आवडलेले भाग एकत्र करा.

मोजमापासाठी रुळांवर उतरायचं नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे. त्याची गरजही पडत नाही. फलाट तिकीट दहा रुपयांचं आणि दोन तास चालणारं असतं. मात्र पॅसेंजर गाडीचं तिकीट काढून एका स्थानकावर उतरणं आणि पुढच्या गाडीने परतणं जास्त उपयोगी पडतं, कारण दोन्ही दिशांच्या गाड्यांचं क्रॉसिंग पाहायला मिळतं. स्टेशन मास्तरांना आधी काय करतोय ते सांगा. आणि पोलादी टेप किंवा लांब दांडा वर उचलू नका. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे.

काही मापं ठरलेली असतात, त्यांची पट्टी करायची. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिमी वर असतो, म्हणजे एचओत साधारण ९ मिमी. फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून सुमारे १६८० मिमी, म्हणजे १९.३ मिमी. डब्याची अर्धी रुंदी १८.६ मिमी. सरळ फलाटावर फट जेमतेम पाऊण मिमी राहते, म्हणून मॉडेलमध्ये कड २०.५ वर घ्या. फलाट वळणावर असेल तर पहिल्या उत्तरातली सरकण त्यात मिळवा, नाहीतर पहिलीच गाडी फलाट खरवडत जाईल.

इमारतीचा फोटो अगदी समोरून घ्या, आणि चौकटीत लांबी माहीत असलेली एखादी वस्तू येऊ द्या. ७ फुटी दरवाजा चालतो. फलाटावर उभा असलेला डबा त्याहून चांगला, त्याच्या कपलिंगपासून कपलिंगपर्यंत २४ मीटर. घरी फोटोवर पट्टी ठेवून त्रैराशिक मांडा. फरशा मोजा, खांब मोजा, खांबांमधलं अंतर पावलांनी मोजा. पन्हळी कुठून उतरते, पाण्याचा नळ कुठे, नावाची पाटी किती पावलांवर, हे वहीत लिहा. असल्या गोष्टी फोटोत हमखास सुटतात.

एक निर्णय घरून निघण्याआधी घ्या : काळ कोणता? मार्च २०२२ पर्यंत संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. तारा आणि खांब करायचा कंटाळा असेल तर त्याआधीचा काळ घ्या आणि डिझेल इंजिन चालवा. तारा हव्या असतील तर संपर्क तार रुळापासून ६३ ते ६७ मिमीवर येते. खऱ्या खांबांमधलं अंतर सरळ मार्गावर ७२ मीटरपर्यंत, म्हणजे ८३ सेंमी. वळणावर ते कमी ठेवा.

प्रश्न (रत्नागिरी) : आपली ब्रॉडगेज एचओ रुळावर अरुंद दिसते, हे खरं का?

खरं आहे. आपला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. १:८७ ला तो १९.३ मिमी हवा, बाजारातला रूळ १६.५ मिमीचा आहे. समोरून पाहिलं की फरक कळतो, बाजूने जवळजवळ कळत नाही.

दुसरी वाट १:१०० ची. या मापात १६७६ मिमीचे १६.७६ होतात आणि साधा एचओ रूळ आपोआप बरोबर बसतो. हिशेबही सोपा, एक मीटर म्हणजे एक सेंटीमीटर. डबा २३५ मिमी होतो आणि आखूड वळणं चालतात. तोटा हा, की तयार इंजिनं, माणसं, झाडं सगळं १:८७ चं मिळतं, त्यामुळे जवळपास सगळं हाताने करावं लागतं. पुठ्ठ्याचं काम आवडणाऱ्यांनी १:१०० घ्यावं. गाड्या विकत घेऊन देखावा उभारणाऱ्यांनी १:८७ वर राहावं. दोन्ही मापं एका फळीवर मिसळू नका.

माथेरानच्या गाडीचा गेज ६१० मिमी. ती करायची असेल तर एन (१:१६०) मापाचा ९ मिमीचा रूळ आणि १:६४ च्या आसपासचं माप जुळतं.

प्रश्न (मालवण) : समुद्र घरापासून जवळ आहे. पावसाळ्यात रुळावर इंजिन अडखळतं, दिवे लुकलुकतात, एमडीएफची फळी कडेला फुगली. दर वर्षी हेच. काय बदलावं?

हा प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फळी. एमडीएफ म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला लगदा. कापलेल्या कडेतून तो ओल शोषतो, फुगतो, आणि सुकल्यावर मूळ जाडीवर परत येत नाही. किनाऱ्यावर तो वापरूच नका. आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, १२ मिमी. खाली दोन बाय एकच्या पट्ट्यांची चौकट आणि दर सोळा इंचांवर आडवी पट्टी. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना रंगाचे किंवा व्हार्निशचे दोन हात द्या. एकाच बाजूला दिलेत तर दुसरी बाजू ओल घेते आणि फळी धनुष्यासारखी वाकते. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या फुकट मिळतात, पण त्यांना भुंगा लागतो आणि त्या पिळवटतात. चौकटीला सागाच्या पट्ट्याच बऱ्या. चौकट भिंतीपासून दोन इंच दूर ठेवा, पावसाळ्यात चिऱ्याची भिंत पाझरते. वर प्लॅस्टिक घट्ट झाकू नका, आतल्या बाजूला पाणी धरतं. जुनी सुती चादर पुरते.

आता रूळ. किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात आणि ते सगळीकडे बसतात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. रुळावर न दिसणारा खारट पापुद्रा तयार होतो, त्यात धूळ कालवली जाते आणि चाकाला वीज नीट मिळत नाही. पोलादी रुळाला गंज चढतो, पितळी रूळ काळा पडतो. निकेल-सिल्व्हरचा रूळ जास्त दिवस साफ राहतो, म्हणून तोच घ्या.

साफ करताना बहुतेक जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतात. अल्कोहोलने तेल आणि काजळी निघते, मीठ मात्र त्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने रुळाचा माथा आणि आतली कड पुसा. पंख्याखाली सुकू द्या. मग अल्कोहोलचं कापड. चाकांनाही हेच. पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे ओरखडे पुढची घाण धरून ठेवतात. रॉकेलही नको : मागे तेलकट थर राहतो आणि इंजिनाच्या चाकांवरचे रबरी टायर फुगून सैल होतात.

इंजिनं आणि डबे पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल. रंग बदलणारं जेल घ्या, निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. डबे ज्या स्पंजात पॅक होऊन येतात तो काढून टाका. दमट हवेत असा स्पंज काही वर्षांत चिकट होतो आणि रंगाला धरतो. त्याऐवजी बटर पेपर गुंडाळा. इंजिन मात्र चार महिने नुसतं पडून राहू देऊ नका. पंधरा दिवसांतून एकदा दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं चालवा.

जून ते सप्टेंबर रंगाचा स्प्रे मारू नका. रंगातलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि रंग पांढुरका, धुरकट होतो. हे महिने वायरिंग, सांध्यांची जुळवणी, आराखडे आणि फोटोंवरून मापं काढण्यासाठी ठेवा. फवारणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारच्या कोरड्या हवेत.

प्रश्न (देवगड) : खडीसाठी किनाऱ्यावरची वाळू चाळून वापरली तर चालेल का? फुकट आहे आणि दाणाही बारीक आहे.

नको. दोन कारणं आहेत. एक मीठ, ते वर सांगितलं, आणि वाळू कितीही धुतली तरी थोडं उरतं. दुसरं कारण जास्त गंभीर. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे कण असतात. लोहचुंबक फिरवून पाहा, काळी मिशी चिकटून येईल. असा एक दाणा सुटला की इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक त्याला आत ओढतं, दाणा दातेरी चाकांत जातो आणि इंजिन कुरकुरत बंद पडतं.

जवळच्या क्रशरवरून काळ्या दगडाची कच आणा. खरी खडी ६५ मिमीपर्यंतची, एचओत पाऊण मिमी. रव्याच्या चाळणीतून खाली पडेल पण मैद्याच्या चाळणीत अडकेल तेवढा दाणा ठेवा. तीन पाण्यांतून धुवा, उन्हात वाळवा, आणि पातळ कागदाखाली चुंबक धरून दोनदा फिरवा, कारण काळ्या दगडातही थोडं लोह असतं. मीटरभर रुळाला साधारण १०० मिली, म्हणजे चहाचा एक कप, कच लागते.

रुळावर कोरडी पसरा आणि मऊ ब्रशने स्लीपरच्या माथ्यावरून खाली ढकला. रुळाच्या आतल्या कडेला एकही दाणा राहू देऊ नका, चाकाची कड त्यावर चढते. मग अर्धं पाणी, अर्धं अल्कोहोल फवारून खडी पूर्ण भिजवा. ही पायरी टाळली की गोंद वरच्या वर गोळी होऊन थांबतो, वर कवच तयार होतं आणि खाली कच सुटीच राहते. नंतर एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब मिसळून ड्रॉपरने सोडा. हिवाळ्यात एक दिवसात सुकतं. सांध्याच्या हलत्या जिभांपासून दोन सेंमी आधी थांबा आणि तिथे खडीच्या रंगाचा नुसता हात द्या.

प्रश्न (रत्नागिरी) : पानवल नदीचा पूल एचओत करायचा आहे. किती मोठा होईल?

रत्नागिरी आणि निवसर यांच्यामधला हा पूल सुमारे ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच आहे. एचओत तो ४.८७ मीटर लांब आणि ७४ सेंमी उंच होईल. दिवाणखान्याची एक भिंत लागेल. एन मापात, १:१६० ला, २.६५ मीटर आणि ४० सेंमी, हे घरात शक्य आहे.

एचओतच करायचा तर लांबी एक तृतीयांशावर आणा, उंची मात्र ५५ सेंमीच्या खाली नेऊ नका. खांबांची बारीक, उंच ठेवण गेली की तो कुठलाही पूल वाटतो. गर्डरची, म्हणजे खांबांवरच्या तुळईची, उभी जाडी टोकापासून टोकापर्यंत एकसारखी ठेवा. हा पूल इंक्रिमेंटल लाँचिंगने बांधला आहे : एका टोकाला तुकडा तुकडा ओतायचा आणि तयार झालेला भाग पुढे ढकलत न्यायचा. ढकलताना गर्डर प्रत्येक खांबावरून सरकत जातो, म्हणून खालची बाजू सपाट आणि जाडी सारखीच असावी लागते. मॉडेलमध्ये कमानी काढल्या की ओळखणारा लगेच ओळखतो. गर्डर ३ मिमी सनबोर्डची (हलक्या फोमच्या पुठ्ठ्याची) बंद पेटी करून घ्या, आत दर १० सेंमीवर आडवा पडदा, नाहीतर वर्षभरात मधून झोल येतो.

प्रश्न (सावंतवाडी) : एलएचबी डबा घरी करता येईल का? की चितारआळीतल्या कारागिरांकडून लाकडाचा करून घ्यावा?

लाकडात २७० मिमी लांब, आतून पोकळ आणि दीड मिमी जाडीच्या भिंतींचा डबा टिकत नाही, चिरतो. कारागिरांकडून लेथवर होणाऱ्या वस्तू करून घ्या : पाण्याची गोल टाकी, फलाटावरचे खांब, टँकर वॅगनची पिंपं. त्या कामात त्यांचा हात कोणत्याही प्लॅस्टिकपेक्षा सरस आहे.

डबा थरांनी करा. एलएचबीच्या खिडक्या बाहेरच्या पत्र्याशी सपाट असतात, म्हणून काच खोल बसली की डबा खोटा दिसतो. बाहेरचा थर ३०० जीएसएमचा आयव्हरी कागद, त्यात खिडक्या कापलेल्या. त्याच्या मागे ओएचपी शीटची (पारदर्शक प्लॅस्टिकची) अखंड पट्टी. आत २ मिमी सनबोर्ड, त्यातली भोकं बाहेरच्यांपेक्षा दोन मिमी मोठी. आयव्हरी चिकटवायला पाण्याचा गोंद नको, कागद ताणला जाऊन सुकताना आकसतो आणि अख्खी बाजू वाकते. पातळ दुहेरी टेप किंवा कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह वापरा. काचेजवळ फेविक्विक अजिबात नको, त्याच्या वाफेने ओएचपीवर पांढरी राख बसते आणि ती निघत नाही.

तळाला २ मिमी सनबोर्ड आणि त्याखाली लांबीभर दोन पितळी सळ्या, म्हणजे डबा मधून खचत नाही. बोगींच्या मध्यांमधलं अंतर १७१ मिमी, बोगीतल्या दोन आसांमधलं २९.४ मिमी, चाक १०.५ मिमी व्यासाचं. युरोपीय युरोफिमा डब्यांच्या बोगी इथे बसतात, कारण एलएचबीची फियाट बोगी त्याच घराण्यातली आहे आणि आसांचं अंतर तेच आहे. चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर व्हर्निअरने मोजा, १४.४ ते १४.५ मिमी हवं. कमी असेल तर चाक सांध्यात अडकतं. एका बोगीचा स्क्रू एवढा आवळा की ती वळेल आणि पुढे-मागे झुकेल, पण डावी-उजवीकडे डुलणार नाही. दुसरी पूर्ण मोकळी. दोन्ही मोकळ्या ठेवल्या की डबा डुलतो, दोन्ही आवळल्या की रुळाच्या उंच-सखल जागी एक चाक अधांतरी राहतं.

वजन हे सर्वांत जास्त विसरलं जातं. नियम असा : २८ ग्रॅम, आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे आणखी १४. एलएचबीला १७५ ते १८० ग्रॅम भरतात. पागाच्या जाळ्याला लावायचे शिशाचे मणी कोळ्यांच्या दुकानात मिळतात, ते ठोकून चपटे करा आणि तळाशी, बोगींच्या वर, दोन भागांत बसवा. ते फेविकॉलने चिकटवू नका. त्यातल्या आम्लाने शिशावर पांढरी पूड धरते, ती फुगते आणि काही वर्षांत तळ फुटतो. एपॉक्सी लावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि लहान मुलांच्या हाती शिसं देऊ नका.

प्रश्न (देवरुख, इयत्ता सातवी) : माझ्याकडे मोटर नाही, रूळ पण नाही. नुसता कागदाचा डबा करता येईल का?

नक्की येईल, आणि सुरुवात अशीच चांगली. तू १:१०० माप घे. लांबी २३५ मिमी, रुंदी ३२ मिमी, रुळापासून छपरापर्यंत ४० मिमी. ए-फोर आयव्हरी कागदावर लांबी आरामात मावते. दोन्ही बाजू आणि छप्पर एकाच तुकड्यात काढ : बाजू, छप्पर, बाजू. कागदाचा तंतू लांबीच्या दिशेने हवा. कागद दोन्ही दिशांना हलकेच वाकवून पाहा, ज्या दिशेला सहज वाकतो त्या दिशेलाच डब्याची घडी येऊ दे. घडीच्या रेघेवर रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढ, मग घडी घाल. छपराला गोलाई द्यायला कागद पेन्सिलीवर हळू फिरव. खिडक्या घडी घालण्याआधी काप, आणि कटर मोठ्या माणसाच्या समोरच वापर. आत दर चार सेंमीवर पुठ्ठ्याची आडवी भिंत लाव. या भिंती नसतील तर डबा महिन्याभरात पोटातून फुगतो. रंग कागद सपाट असतानाच दे.

प्रश्न (महाड) : वर्षात कधी प्रवास केला तर मॉडेलसाठी जास्त पाहायला मिळेल?

मॉडेलमध्ये जो महिना दाखवायचा त्याच महिन्यात. बरेच जण इथे चुकतात आणि हिरवं गवत, फुललेला पांगारा आणि कापणीला आलेलं भात एकाच फळीवर लावतात. ऑगस्टमध्ये कातळसड्यावरही हिरवळ असते, डिसेंबरपर्यंत तिथलं गवत पिवळं पडतं. भात ऑक्टोबरच्या आसपास पिवळं होऊन कापणीला येतं. पांगारा आणि पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये. कटिंगमध्ये वर तांबडा जांभा आणि खाली काळा दगड, ही सीमारेषा उन्हाळ्यात सर्वांत स्पष्ट दिसते, कारण गवत नसतं. दगडकामासाठी एप्रिल, झाडोऱ्यासाठी ऑक्टोबर, असं आम्ही सांगू.

पावसाळ्यात या मार्गावर वेगळं वेळापत्रक असतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि बऱ्याच गाड्या नेहमीपेक्षा लवकर सुटतात. दोन गाड्या जोडून आखणी करत असाल तर आदल्या दिवशी १३९ वर विचारा. क्रॉसिंग पाहायला जाणाऱ्याला मात्र उशीर हा तोटा नाही, लूपमधली गाडी जास्त वेळ समोर उभी राहते.

प्रश्न (राजापूर) : बारा फुटांच्या फळीवर गाडी कंट्रोलरजवळ जोरात धावते, लांबच्या टोकाला मंदावते. कंट्रोलर बदलू का?

आधी वायर बदला. रुळाच्या जोडपट्ट्यांमधून वीज पुढे जाते तेव्हा प्रत्येक जोडाला व्होल्टेजमध्ये थोडी घट होते, आणि दमट हवेत जोड काळे पडले की ती वाढते. फळीखालून १.५ चौरस मिमीच्या दोन तांब्याच्या वायरी टोकापासून टोकापर्यंत न्या, एक लाल, एक काळी. त्यांतून दर मीटरला ०.५ चौरस मिमीची वायर वर काढून रुळाच्या बाहेरच्या कडेला सोल्डरचा डाग द्या. डाग देताना जवळच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवा, म्हणजे प्लॅस्टिक वितळणार नाही. जोडपट्टीत अर्ध्या मिमीची फट ठेवा, मे महिन्यात रूळ वाढतो आणि फट नसेल तर मधून उचलला जातो. पुरवठा १२ व्होल्ट डीसीच्या बंद ॲडॉप्टरमधूनच घ्या. पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर रुळाला कधीही जोडू नका, रुळावर थेट घरातली वीज येते.

एवढं करूनही एकाच जागी गाडी मंदावत असेल तर मल्टिमीटर लावा. गाडी चालू असताना कंट्रोलरच्या टोकांवर आणि त्या जागी व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर त्या दोन जागांमधला एखादा डाग थंड बसलेला आहे. तो चमकत नाही, दाणेदार दिसतो. नवीन फ्लक्स लावून पुन्हा द्या.